ठवकर मिस्त्रींची सोयरीक

आमच्या शीतगृहाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं, तेव्हाची गोष्ट. तपासणीला आलेले साहेब गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब अशा थाटात मशीनरूममध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या दहा वर्षांत कोणत्या मशीनला काय झालं, त्यावर काय केलं, याची नोंदवही दाखवा." ठवकर मिस्त्री "हाव" म्हणाले, आत गेले आणि सुतळीनं बांधलेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणून त्यांनी साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

साहेबांना वाटलं, हा माणूस आपल्याला लग्नाला बोलावतोय. ते संकोचून म्हणाले, "अहो, आम्हाला अशी निमंत्रणं घेता येत नाहीत."

"निमंत्रन नाई साहेब. मांगून पाहा."

साहेबांनी पहिली पत्रिका उलटली. पुढून गणपती, कलश, चि. सौ. कां. पल्लवी. मागे निळ्या बॉलपेननं लिहिलेलं : "पट्टा घडीघडी तुटते. पुलीचा दोष नाई, पाया खचला असते. पाया पाहा. झाडे फोरमन, पंगतीत, जिलेबीच्या वेळेस." दुसरी बारशाची : "पंप ओरडते म्हंजे हवा घेऊन राहिला. वरचा नट ढिला करा. बाकी समोरासमोर." तिसरीला काळी किनार होती, ती तेरवीची. तिच्या मागे कंडेन्सर धुवायची पद्धत होती.

साहेबांनी तासभर पत्रिका वाचल्या. प्रमाणपत्र मिळालं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "माहिती उपलब्ध आहे. स्वरूप बहुतांशी मंगल आहे."

मी या शीतगृहाची मॅनेजर. मूळची साताऱ्याची, लग्न करून नागपुरात प्रताप नगरला आले. भंडारा रोडवरच्या या इमारतीत चार मोठे चेंबर आहेत आणि चारही मिरचीनं भरलेले असतात. नोकरीचे पहिले पंधरा दिवस मी नुसती शिंकत होते. सोळाव्या दिवशी शिंका थांबल्या तेव्हा मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "झालं मॅडम. मिरचीनं तुमाले सोयरे मानलं."

मिस्त्री म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे, काटक, कानावर पेन, बोटांच्या रेषांत कायमचं बसलेलं ग्रीस. घरी नवराबायको दोघंच, मुलगा राहुल बंगलोरला नोकरीला. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत नट आवळायचे दोन पाने, एक चिंधी, इस्त्रीचा शर्ट आणि अत्तराची कुपी असायची. कधी कुणाच्या लग्नाला जावं लागेल याचा नेम नाही, असं ते म्हणत. नेम नसायचा कसा? नागपुरातल्या अकरा शीतगृहांतल्या एकूण एक फोरमनच्या, ऑपरेटरच्या घरचं कार्य त्यांना तोंडपाठ होतं. साखरपुडा, डोहाळजेवण, वास्तू, तेरवी, काही चुकवायचे नाहीत. पंगतीत कुणाच्या शेजारी बसायचं हे मात्र आधी ठरवून जायचे. आमचा पंप ओरडत असेल, तर पंपवाला कुठे बसलाय ते बघून त्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला का नाही, असं मी एकदा विचारलं.

"अवं मॅडम, उजव्या हातानं तो जेवून राहिला न. त्याले त्रास काहून द्यायचा?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "नातं निघालं का नट निघते." माणूस भेटला की पहिला प्रश्न गाव कोणतं. मग मामाचं गाव. मग सासर. तिथेही काही लागलं नाही तर साडूपर्यंत जायचे. एकदा कंप्रेसर बघायला कोइंबतूरहून इंजिनीअर आला होता. अबोल माणूस. विचारलं की म्हणायचा, "पुस्तिका में लिखा है." मिस्त्रींनी दोन दिवस त्याच्यामागे फिरून हिंदीत त्याचं खानदान काढलं. तिसऱ्या दिवशी कळलं, त्याचा साडू चार वर्षं नागपुरात रेल्वेत होता, अजनीला राहायचा. मिस्त्रींनी मशीनवरून उडी मारायची बाकी ठेवली. "अजनी! म्हंजे आपलेच निघाले!" त्या दुपारी इंजिनीअर मिस्त्रींच्या घरी वांग्याची भाजी खाऊन आला, आणि पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं तेही सांगून गेला. अजून दिवाळीला त्याचा फोन येतो. मॅडमला नमस्कार सांगा म्हणतो.

आमचे धाकटे मालक निखिलबाबू परदेशात शिकून आलेले. मुलगा सज्जन, पण प्रत्येक गोष्टीची सभा घ्यायची त्याला हौस. त्यानं ठरवलं, अकराही शीतगृहांच्या लोकांना एका हॉटेलात बोलवायचं. अडचणी मांडायच्या, उपाय सांगायचे, सगळ्यांचं भलं. गार हॉल, छातीला नावाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. निखिलबाबू म्हणाले, "मोकळेपणानं बोला. तुमच्याकडे काय अडचणी येतात?"

पहिला फोरमन उठला. "आमच्याकडं काई अडचन नाई." बसला. दुसरा उठला. "आमच्याकडं बी सारं बरोबर हाय." असे अकराही झाले. आमचे ठवकर मिस्त्रीही उठून म्हणाले, "सारं मस्त." त्याच सकाळी आमच्या पंपातून पाणी गळत होतं. टाळ्या झाल्या, पनीर खाल्लं, सभा संपली.

मी गाडी काढायला बाहेर आले, तर गेटजवळच्या कडुनिंबाखाली, पानठेल्यावर, तेच अकराजण गोल करून उभे. कुणी चुन्याच्या बोटानं भिंतीवर पाइप काढून दाखवतंय, कुणी सुपारी कातरून "इथून काप" म्हणतंय. तासाभरानं मिस्त्री परत आले ते चार उपाय घेऊन. निखिलबाबू कळवळून म्हणाले, "काका, हेच आत का नाही बोललात?"

"आत सारे कंपनीकडून बसले होते न बाबू," मिस्त्री म्हणाले. "बाहेर आपापल्याकडून उभे होते."

निखिलबाबूंनी त्यातून भलताच धडा घेतला. वकिलाकडून एक परिपत्रक आलं : इतर शीतगृहांना तांत्रिक माहिती देऊ नये. मिस्त्रींनी हसत सही केली. मी म्हटलं, "मिस्त्री, वाचलंत का?"

"वाचलं न. मी कोनत्या कंपनीले काई सांगतच नाई. मी झाडेले सांगतो."

मीही त्या काळात एक शहाणपणा केला. त्यांच्या सगळ्या पत्रिका घेऊन कॉम्प्युटरवर उतरवल्या. पट्टा, पंप, पाणी, अशी नीट खाती पाडली. छापून फाइल केली. मिस्त्रींनी ती चाळली आणि कौतुकानं म्हणाले, "छान अक्षर हाय मशीनचं." मग कित्येक महिने उघडली नाही. नंतर मीच एकदा उघडली तेव्हा ध्यानात आलं, दर दुसऱ्या नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं, "बाकी समोरासमोर."

या सगळ्या गोतावळ्यात मिस्त्रींचा जिवाभावाचा माणूस एकच, लांजेवार. रेल्वेलाइनीपलीकडच्या शीतगृहाचा फोरमन. दोघांनी पंचविशीत एकाच ठेकेदाराकडे पाइप वाहिले होते. एकमेकांशी 'बे' म्हटल्याशिवाय बोलत नसत. आणि गेल्या डिसेंबरात नेमकं त्याच लांजेवारांच्या मुलाचं लग्न झालं आणि ठवकर मिस्त्री गेले नाहीत.

मला आधी खरं वाटेना. शत्रूच्या मेहुण्याच्या मुंजीला जाणारा माणूस! विचारलं तर म्हणाले, "त्यानं पत्रिका फोनवर धाडली. व्हॉट्सॲपवर. मी काय गिऱ्हाईक आहो त्याचं?"

"अहो, हल्ली सगळेच पाठवतात."

"साऱ्यायनं पाठवावी. लांजेवारनं नाई." आणि पान्यानं नट इतका आवळला की तो पुढे आठवडाभर निघेना.

लांजेवारांचं म्हणणं इकडून तिकडून कानावर आलं, की सगळं नागपूर आलं, ठवकर आला नाही, आता तो माझ्यासाठी संपला. पाच महिने दोघांत शब्द नाही.

मे महिना आला. पारा पंचेचाळीस ओलांडून गेला आणि आमचा दोन नंबरचा चेंबर तापायला लागला. सहावर असायचा तो आधी नऊवर गेला, मग बारावर. कंप्रेसर चालू, पंखे चालू, पण गारवा येईना. आत भिवापूरची मिरची छतापर्यंत रचलेली. मिरचीचं सगळं रंगावर असतं. रंग उतरला की बाजारात तिला कोणी हात लावत नाही. शेतकऱ्यांनी पोटच्या पोरीसारखी निवडून आणून आमच्या भरवशावर ठेवलेली पोती होती ती. त्यांतल्या दोघांचे फोन येऊन गेले, "मॅडम, माल बरा हाय न?" मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा चेंबरचा काटा बघायला गेले.

तीन दिवस मिस्त्रींनी काही करायचं सोडलं नाही. गॅस पाहिला, कंडेन्सर धुतला, फाइलसुद्धा उघडली. शेवटी फोन घेऊन बसले आणि एकेका फोरमनला विचारत गेले. झाडेंनी सांगितलं, "लांजेवारकडं मांगच्या उन्हाळ्यात अस्संच झालतं. त्याले विचार." दुसऱ्यानं तेच. तिसऱ्यानं तेच. नऊ फोन झाले, नऊ जण म्हणाले, लांजेवारला विचार. दोन्ही शीतगृहांचं काम एकाच ठेकेदारानं केलं होतं आणि तो ठेकेदार धंदा बंद करून कधीच कुठे निघून गेला होता.

निखिलबाबूंनी रीतसर लांजेवारांच्या मालकांना मेल केला. उत्तर आलं, "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे."

चेंबर चौदावर गेला. मी मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिले. "चला."

"कुठं?"

"लांजेवारांकडे. आज त्यांची सुट्टी आहे, मी विचारून घेतलंय."

"माह्या स्कूटरले त्याचं घर मालूम नाई."

"माझ्या स्कूटीला विचारून विचारून सापडेल."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग डिकी उघडून इस्त्रीचा शर्ट काढला.

भर दुपारी आम्ही जरीपटक्याला पोचलो. मी तोंडाला ओढणी गुंडाळलेली, मागे मिस्त्री शाळेत नेलेल्या मुलासारखे गप्प. लांजेवार बनियनवर कूलरसमोर बसले होते. मला म्हणाले, "या मॅडम, बसा." मिस्त्री जणू तिथे नव्हतेच. त्यांच्या बायकोनं कैरीचं पन्हं आणलं.

"मॅडम," लांजेवार पन्ह्याकडे बघत म्हणाले, "याले विचारा, वाट चुकला काय?"

"वहिनी," मिस्त्री कूलरकडे बघत म्हणाले, "त्याले सांगा, काम हाय म्हनून आलो."

"कामच असन. लगन असतं तं आला नसता."

मी चेंबरचं सांगितलं. लांजेवारांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं बी तुमच्यासारखंच परिपत्रक आलं हाय. आता मानूस म्हनून आला असता तं गोष्ट वेगळी. कंपनीकडून आला, तं कंपनीले विचारा."

मिस्त्री उठायला लागले. तेवढ्यात लांजेवार वहिनी पुढे झाल्या. "बसा भाऊजी. साऱ्या दुनियेच्या पोट्ट्यायच्या लग्नात जाता. आमच्या अमोलच्या लग्नात काहून नाई आले? सात वेळा फोन केला यायनं."

"फोनवर पत्रिका धाडली न वहिनी."

"बारा दिवसांत लगन जमलं, घरोघरी कोन जाईन? साऱ्यायले फोनवर धाडल्या. तुमची तं छापलेली ठेवली होती यायनं. म्हने, फोनवर जाऊ दे आधी, तारीख तं कळन. मंग ठवकरच्या घरी मी सोता जातो, बसून येतो. तुमी फोन उचलतच नव्हते." त्या आत गेल्या, कपाटाचा आवाज झाला, आणि हळदीचं बोट लावलेली पत्रिका त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिली. वर लिहिलं होतं, "श्री. ठवकर, सहकुटुंब, सहपरिवार."

मिस्त्रींनी ती वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं, आता दोघं हसतील आणि आपलं काम होईल. पण मिस्त्री म्हणाले, "वहिनी, माह्या राहुलचं लगन झालं."

लांजेवारांनी पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "कवा बे?"

"दिवाळीनंतर. तिकडंच, बंगलोरले. कोर्टात. पोरगी संग काम करते त्याच्या. चांगली हाय म्हनते." मिस्त्रींचा आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "मले फोटो आला फोनवर. हार घातलेला. खाली लिवलं होतं, बाबा, आशीर्वाद द्या. म्या अंगठा धाडला. दुसरं काई धाडता येत नाई मले."

मिस्त्रींनी हातातली पत्रिका उलटून पाहिली.

"पंधरा दिवसांनी तुही पत्रिका आली. तशीच. मले वाटलं, आता सारं असंच होनार."

"आमाले सांगतलं काहून नाई?"

"कोनत्या तोंडानं सांगू? चाळीस वर्षं लोकायच्या पंगतीत जेवलो. माह्या घरी एक पंगत उठली नाई. लोकं म्हनतीन, ठवकर खाऊन गेला."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. लांजेवार उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, बटणं उलटीसुलटी लावली आणि म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"तुह्या चेंबरमधी, अजून कुठं? मांगच्या भिंतीले, कॉइलच्या खाली, त्या ठेकेदारानं एक नळ थर्माकोलच्या आत गाडून ठेवला हाय. मशीनचं तेल कॉइलमधी जाऊन बसते आन् बाहेर निघाले वाट नाई त्याले. लिहून घे, मांगच्या बाजूनं."

मिस्त्रींनी कानावरचं पेन काढलं. मग परत ठेवलं. पत्रिका तशीच, मागून कोरी, घडी न घालता खिशात सरकवली. "तू येऊनच राहिला तं लिहून काय करू?"

आमच्या गेटवर वॉचमन आडवा आला. दुसऱ्या शीतगृहाचा माणूस, नियम कडक. वहीत भेटीचं कारण लिहावं लागणार होतं. मी लिहिलं, "घरगुती."

थर्माकोल कापला. लांजेवारांनी सांगितल्या जागी, विटेएवढ्या खोलीवर, गंजलेला नळ निघाला. दोघं म्हातारे तोंडाला ओले रुमाल बांधून, एकाच पान्याला लटकून, एकमेकांना शिव्या देत तो फिरवत होते. नळ सुटला आणि काळं, घट्ट तेल बादलीत उतरायला लागलं. तीन बादल्या भरल्या. चार वाजता काटा तेरावर आला, सहाला अकरावर. निखिलबाबूंनी आनंदानं लांजेवारांचे हात धरले. "काका, मी तुमच्या मालकांना आभाराचं पत्र पाठवतो."

"तसं नका करू बाबू," लांजेवार घाबरून म्हणाले. "माही नौकरी जाईन."

मिरची वाचली. निखिलबाबूंनी ते परिपत्रक पुन्हा काढलं नाही, आणि माझ्या फाइलमध्ये एक रकाना वाढवायला सांगितला : "कोणाला विचारायचं, आणि त्यांच्या घरी शेवटचं कधी गेलो होतो."

पण लांजेवार तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मिस्त्रींना न सांगता राहुलला फोन लावला. काय बोलले ते आजवर कळलेलं नाही. वहिनींच्या सांगण्यावरून, पहिली पाच मिनिटं शिव्या होत्या. जूनमधल्या एका रविवारी राहुल आणि त्याची बायको दीपा विमानानं आली, आणि दिघोरीला मिस्त्रींच्या वस्तीतल्या सभागृहात, पहिल्या मजल्यावर, दुपारची पंगत बसली. अकराही शीतगृहांची माणसं बायकामुलांसह आली होती. वरण-भात, वांगे-आलूची भाजी, जिलेबी. म्हैसूरकडची दीपा लांजेवार वहिनींनी शिकवलेलं एकच वाक्य सगळ्यांना म्हणत फिरत होती, "घ्या नं, लाजू नका."

मिस्त्रींची मात्र पंचाईत झाली होती. यजमानानं कुठे उभं राहायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दारात उभे राहिले, तर लोक त्यांना पाहुणा समजून आत चला म्हणायचे. सवयीनं पंगतीत बसले, तर बायकोनं उठवलं. अखेर हातात जिलेबीचं ताट घेऊन ते ओळीतून फिरायला लागले आणि प्रत्येकाच्या पानात, तो नको म्हणत असताना, दोन-दोन जिलेब्या टाकत गेले. झाडेंच्या पानात सहा पडल्या.

मी निघाले तेव्हा ते माझ्याबरोबर खाली स्कूटीपर्यंत आले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"मॅडम, आज एक गोष्ट झाली."

"काय?"

"कोनी मशीनचं नाव काढलं नाई. ना पंप, ना पट्टा. मी वाट पाहून राहिलो होतो, आता कोनी विचारन, मंग विचारन." त्यांनी हाताला लागलेला पाक रुमालानं पुसला. "मले वाटे, लोकायचं काम अडते म्हनून बलावते मले. मी बी तसाच जातो, काम घेऊन. आज तं कोनाचंच काई अडलं नव्हतं. तरी आले सारे."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून लांजेवार ओरडले, "अबे ठवकर! बायांची पंगत बसली, भात कोन वाढन? यजमान कुठं पळाला?"

"आलो बे, आलो!" मिस्त्री म्हणाले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले.